ओल्या बाहीचा वास

प्रिय बाबा,

अक्षर ओळखलंस ना? सहा वर्षांत सुधारलेलं नाही, अजून कोंबडीचे पायच आहेत. फाडू नकोस, आधी वाच.

मी आता रंगाच्या कंपनीत माल तपासते. आम्हाला पिंपांनी अल्कोहोल लागतं. परवा एका पिंपाला भलताच वास आला, म्हणून मला ते बनवणाऱ्या कारखान्यात पाठवलं. मला वाटलं, काहीतरी आंबवत असतील. तिथे तर नुसते पाइप! पेट्रोलियमपासून काढलेला वायू आणि वाफ तापवून, दाबून, आम्लात भिजलेल्या खड्यांवरून सोडतात आणि पलीकडून अल्कोहोल निघतं. तेही एका फेरीत शंभरातले चार-पाच भाग. उरलेला वायू परत आत. घाई करणाऱ्याचं इथे काम नाही, असं फोरमन म्हणाले, आणि मला दारू सोडायच्या तुझ्या फेऱ्या आठवल्या.

मग त्यांनी कच्चा नमुना माझ्या नाकासमोर धरला. दारूचा वास होताच, पण त्यावर गोडसर, दवाखान्यासारखा आणखी एक. ते म्हणाले, हे ईथर. वायूपासून करताना थोडं होतंच, ते आम्ही पुढे काढून टाकतो, तुमच्या पिंपात राहून गेलं. पिण्याच्या दारूला हा वास येत नाही. तो वास मला पाठ होता.

कॉलेजच्या बक्षीस समारंभाचा दिवस. चार महिने तू थेंबाला शिवला नव्हतास, आणि आज माझे बाबा येणार, असं मी मैत्रिणींना दहादा सांगितलं होतं. तू दारात आलास, केस नीट विंचरलेले, बाही ओली. मी वास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हटलं, पिऊन आलास, चालता हो. तू कागदात गुंडाळलेलं पेन खुर्चीवर ठेवून गेलास. त्याच आठवड्यात मी मावशीकडे राहायला गेले आणि तुझा एकही फोन उचलला नाही. पेन मात्र टाकलं नाही. त्यानंच लिहितेय, शाई गळते.

तू म्हणायचास, पेट्रोलच्या कारखान्यात पंप दुरुस्त करतो. तो हाच कारखाना असणार. तिथे अल्कोहोल बनतं हे का लपवलंस, ते कळतं. लांडगा आला रे आला हे तू इतक्यांदा केलं होतंस, की खरं सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. त्याची माफी मी मागणार नाही. बाकी सगळ्याची मागते.

फोरमनना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कुणा पंपवाल्याच्या अंगावर हे कधी सांडलं होतं का? ते हसले. होता एक, म्हणाले, पंपाचं सील फुटून भिजला आणि मुलीचं बक्षीस चुकेल म्हणून कपडेसुद्धा न बदलता पळाला. गेटवर येता-जाता नळीत फुंकावं लागतं ना, तिथे त्या दिवशीही दिवा लाल झाला नाही, आणि गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत कधीच नाही. ती मुलगी मीच, हे सांगायचा धीर झाला नाही. बसथांब्यावर मनसोक्त रडले. मग इतकं हलकं वाटलं, की सपाटून भूक लागली.

आता खरी बातमी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं तू मला चिडवायचास. त्यातली सोळाशे नव्व्याण्णव पार पडली, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला लग्न आहे. तू नसणं हे शेवटचं विघ्न. ये. दारात मीच उभी असेन, या वेळी तुला आत घ्यायला.

तुझीच,
नकटी