गाडी एक वर्षात परत येईल

मी, धनश्री सार्थक थिटे, माहेरची दोरगे, वय एकोणतीस, सासर पाबळ, तालुका शिरूर, सध्या मुक्काम आईच्या घरी यवत, तालुका दौंड, धंदा लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणे, माझ्या मागे काय कोणाकडे जावे ते आज लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉ. अनुपमा शितोळे यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भाग पाडलेले नाही. मी हे लिहीत आहे हे घरात कोणाला माहीतही नाही, फक्त अयुबचाचांना सांगितले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे पुढे अक्षर बारीक आणि वाकडे होत जाईल, कारण माझे हात दमतात. ते माझेच समजावे.

१. सातव्या वर्षापासून मला स्नायूंचा आजार आहे. पाय आधी गेले. शाळेला चार पायऱ्या होत्या आणि मला उचलून न्यायला रोज कोणी नव्हते, म्हणून पाचवीपर्यंत मला घरीच माझ्या कस्तुराआत्याने शिकवले. वडिलांकडे, कै. सर्जेराव दोरगे यांच्याकडे, ट्रॅक्टर दुरुस्तीला येत. त्यांची कागदपत्रे हे माझे वाचनाचे पुस्तक. आत्याचा एकच नियम होता. "वाचल्या-बघितल्याबिगर सही न्हाई." तो मी एकदाच मोडला. ते कलम तीनमध्ये येईल.

२. माझ्या मालकीची एक निळी, बिनक्लचची गाडी आहे. नोंदणी बारामतीची, एमएच-४२, शेवटचे आकडे ३०१७. तिला वडिलांनी आणि यवतच्या हायवेवर गॅरेज असलेल्या अयुब तांबोळी चाचांनी मिळून एक लिव्हर बसवली. पुढे ढकलली की ब्रेक, मागे ओढली की वेग. माझ्या हाताची लांबी चाचांनी सुतळीने मोजली होती. आरटीओत दाखवून ती लिव्हर गाडीच्या पुस्तकात रीतसर चढवून घेतली आहे. लोक म्हणतात, गाडी म्हणजे तुझे पायच. पाय मला कधी विचारून थांबले नाहीत. गाडी थांबते.

माझे पती सार्थक केनियात नैवाशा गावी गुलाबाच्या पॉलिहाऊसवर सुपरवायझर आहेत. दोन वर्षांचा करार, त्यातले सात महिने झाले. मला तिथे जायचे आहे, आणि मला तिथे खिडकीत बसून राहायचे नाही. सकाळी नवऱ्याला कामावर सोडावे, येताना भाजी घ्यावी, एवढेच. तिथल्या गाडीला अशी लिव्हर बसवून मिळेल का, हे सार्थकने विचारले. सामान बाहेरून मागवून सात-आठ महिने लागतील म्हणाले. म्हणून आपलीच गाडी न्यायची ठरली. तिकडेही स्टिअरिंग उजवीकडेच असते, ही एक गोष्ट आपोआप जुळली.

पुण्याच्या एजंटने पहिलाच प्रश्न विचारला. "ताई, राहायला चाललात का फिरायला?"

मी म्हटले, "फरक काय पडतो?"

"राहायला म्हटलात तर गाडी कायमची न्यावी लागेल, आणि आठ वर्षांवरची गाडी ते घेत नाहीत. तुमची नऊची आहे. फिरायला म्हटलात तर कार्नेट काढू. गाडीचा पासपोर्ट समजा. वर्षाची मुदत. तेवढ्यात परत आणायची. तिथे विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, चालवायला पण द्यायची नाही."

"आणि मी खरंच राहायला चालले असले तर?"

"ताई, एवढं कोण विचारतंय?"

मी दोन दिवस मागून घेतले. मी दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरते आणि कोणाचा खोटा रकाना भरत नाही. या तालुक्यातल्या एका मोठ्या पुढाऱ्याने पुतणीच्या लग्नासाठी तिचे वय दोन वर्षांनी वाढवून लिहायला सांगितले होते. मी लिहिले नाही. त्यांनी माझ्या टपरीपुढचा दिव्याचा खांब काढून नेला. तो अजून बसवलेला नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

त्या दोन दिवसांत मी डॉ. अनुपमांकडे तपासायला गेले. आजार आता हातात आहे, आणि हृदयही स्नायूच असते, असे त्यांनी समजावून सांगितले. मी विचारले, एक वर्ष? त्या म्हणाल्या, गाडी चालवण्यापुरते हात बहुधा तेवढे टिकणार नाहीत. बाकीचे मी विचारले आणि त्यांनी सांगितले. ते सोबतच्या रिपोर्टात आहे.

म्हणजे मी राहायला जात नव्हते. फिरायलाच जात होते. मी सही केली. गाडी एक वर्षाच्या आत परत येईल. मुदत ३ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाली.

३. आता ओटीचे. हे मी लिहिते कारण माझ्या मागे याबद्दल आईला, श्रीमती सविता सर्जेराव दोरगे यांना, कोणी बोलू नये.

परदेशी जाणारी गाडी धुऊन, आतून-बाहेरून साफ करून द्यावी लागते. माती, बी, पान, धान्य काही चालत नाही. "गाडीत असे काही नाही" असे लिहून द्यावे लागते. चाचांनी गाडी दोनदा धुतली. मी कागद वाचला, आत नजर टाकली आणि सही केली. सीटखाली पाहिले नाही. मला वाकता येत नाही, पण दुसऱ्याला पाहायला सांगता आले असते.

न्हावा शेव्याच्या यार्डात गाडी कंटेनरमध्ये चढवण्याआधी तपासणीच्या माणसाने ड्रायव्हरच्या सीटखालून हिरवा खण काढला. आत तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, आणि भैरवनाथाच्या देवळामागची चिमूटभर माती. गाडी अडवली. जहाज गेले.

आई चुलीपुढे बसून म्हणाली, "लेक सासरी जाताना ओटी भरत्यात. ती बी ह्याच दारातनं चालली व्हती. तिला रिकामी कशी लावायची?"

भाऊ माऊली म्हणाला, "आई, ती गाडी हाय."

"मग तू तिला इतकी वरसं नारळ कशापायी फोडतो दसऱ्याला?"

चाचा गाडी परत घेऊन आले, त्यांनी चारी सीट खोलून पत्र्यापर्यंत झाडले. संध्याकाळी आले आणि तळहात उघडून दाखवला. "वहिनी, तीन दाणे अजून व्हते. लई दाबून भरली व्हती तुम्ही."

आई हसली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते. तिला वाटते तिने माझे दिवस खाल्ले. दिवस वाया गेले हे खरे आहे. पुढचे जहाज २२ डिसेंबरला आहे, गाडी पोहोचेपर्यंत मुदतीतले जवळजवळ तीन महिने संपलेले असतील, आणि परतीच्या जहाजासाठी शेवटचा महिना सोडावा लागेल. माझे हातही कॅलेंडर पाहूनच चालले आहेत. पण सही माझी होती. न पाहता केलेली सही माझी होती.

कार्नेटवरची दुसरी सही तरी खोटी ठरू नये, म्हणून हे मृत्युपत्र.

४. मी केनियात वारले तर गाडी तिथे राहू नये. सार्थक यांनी ती विकू नये, मित्राला देऊ नये, माझ्या आठवणीसाठी ठेवूनही घेऊ नये. कागदावर नाव माझे एकटीचे आहे, म्हणून तिथल्या कस्टमच्या ऑफिसात आधी मृत्यूचा दाखला दाखवून त्यांच्या परवानगीनेच ती बंदरापर्यंत न्यावी, आणि २ नोव्हेंबर २०२६ च्या आत भारतात उतरवावी. जाताना आणि येताना कार्नेटवर शिक्के मारून घ्यावेत, नाहीतर गाडी आली तरी ती आली असे होत नाही. परतीच्या भाड्याची सोय मी करून ठेवली आहे, कागद चाचांकडे आहेत. गाडी आणि मी, दोन्ही पाठवणे झेपणार नसेल तर गाडी पाठवावी. माझ्या परतीची सही मी कुठेही केलेली नाही. तिथे आपल्या लोकांची स्मशानभूमी आहे, हे मी सार्थकला विचारून घेतले आहे. त्यांना वाटले मी असेच विचारले.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अयुब तांबोळी यांनी करावी. ते म्हणाले होते, "बेटा, साक्षीदार म्हणून करतो की सही." त्यांना मी काही ठेवत असल्याने साक्षीदार करता येत नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, "मग मला काय बी ठेवू नको, सही ठेव." तरीही वडिलांचा पान्यांचा संच, जॅक आणि वेल्डिंगचा चष्मा त्यांना द्यावा. संचात चौदाचा पाना नाही. तो माऊलीने विहिरीत पाडला आणि नाव माझे सांगितले, तेव्हा मी पाण्याजवळ जाऊही शकत नव्हते.

६. गाडी परत आल्यावर चाचांनी लिव्हर सोडवून काढावी आणि शिरूरच्या म्हाळसा या मुलीला द्यावी. ती माझ्याकडे अपंगत्वाच्या दाखल्याचा फॉर्म भरायला आली होती, चौदा वर्षांची. तिलाही हेच आहे. तिने गाडीत बसून लिव्हर ढकलून पाहिली आणि अर्धा तास उतरली नाही. तिला गाडी चालवायचे वय होईल तेव्हा हात किती राहतील, हे तिला सांगूनच द्यावी. न सांगता देणे म्हणजे रिकाम्या फॉर्मवर सही करून घेण्यासारखे आहे. तिच्या हाताचे माप नव्याने घ्यावे लागेल, सुतळीनेच घ्यावे.

७. यवतच्या घरातला माझा हिस्सा आईला. तिच्या मागे तो माऊलीला जावा. दारापुढचा सिमेंटचा उतार माऊलीने गेल्या वर्षी ट्रॅक्टर आत घ्यायला अडतो म्हणून फोडला आणि "पुन्हा बांधतो" म्हणाला. मला आता त्याची गरज नाही. आईचे गुडघे पाहता तिला लागेल. तो बांधल्यावरच हिस्सा त्याच्या नावे व्हावा.

८. टपरीतला लॅपटॉप, प्रिंटर आणि गिऱ्हाईके चाचांची मुलगी अल्फिया हिला. ती माझ्याहून वेगाने टाइप करते. तिने रकाने मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कोणाचा अंगठा घेऊ नये.

९. माझे चांदीचे पैंजण सासूबाईंना, श्रीमती जाईबाई थिटे यांना. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विचारले होते, "बसून सैपाक करंल व्हय ही?" ते मी लग्नापर्यंत मनात ठेवले. मग लग्नानंतर पाबळला गेले तर स्वयंपाकघरातला ओटा गवंडी बोलावून गुडघ्याएवढा खाली केलेला होता. त्या स्वतः तेव्हापासून वाकून भाकऱ्या थापतात आणि कंबर दुखते म्हणून मलाच ऐकवतात. पैंजण माझ्याकडे कधी वाजले नाहीत. त्यांनी घालावेत.

१०. सार्थक यांच्यासाठी. तुम्हाला रिपोर्टाचे पहिले पान दाखवले, दुसरे दाखवले नाही. मी आयुष्यात कोणाचा रकाना कोरा ठेवला नाही, तुमचा ठेवला. दुसरे पान वाचले असते तर तुम्ही काम सोडून इकडे आला असता, आणि मी याच बाजेवर, याच हायवेचे ट्रक मोजत राहिले असते. मला माफ करावे, असे मी लिहीत नाही, कारण मी पुन्हा तसेच करीन. तुम्ही दुसरे लग्न करावे. बँकेत माझ्या नावावर जे उरेल ते तुम्हाला. पहाटे तुम्हाला पॉलिहाऊसच्या गेटवर किती वेळा सोडता येईल, याचा हिशोब मी करत नाही. एकदा तरी सोडावे अशी इच्छा आहे. जहाज वेळेवर लागले आणि हात तोवर राहिले तर.

११. कार्नेटची मुदत संपण्याआधी मी स्वतः जिवंत परत आले, तर या मृत्युपत्राची चारही पाने फाडून टाकावीत. हे कलम, फोनवर ज्यांचा सल्ला घेतला त्या वकीलबाईंनी घालायला सांगितले म्हणून घातले आहे.

१२. गाडी माझी आई सविता यांना. तिला चालवता येत नाही, हे मला माहीत आहे. गाडी अंगणात, जिथे पूर्वी उभी राहायची तिथे, चाफ्याखाली उभी करावी. माऊलीने तिथे ट्रॅक्टर लावू नये.

गाडी बंदरावरून घरी येईल तेव्हा तिच्यात कोणी नसेल. आई, त्या दिवशी तू तिची ओटी भर. खण, तांदूळ, नारळ, भैरवनाथाची माती, तुला भरायचे ते सगळे. सीटखाली लपवू नकोस, माझ्या सीटवर ठेव. आता कोणी तपासणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचला, आणि मग सही केली.

सही: धनश्री सार्थक थिटे

आम्हा दोघांसमोर धनश्रीने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही दोघांनी केली.

साक्षीदार १: डॉ. अनुपमा शितोळे, दौंड
साक्षीदार २: गेणबा खुटवड, चहाचे दुकान, यवत स्टँड (सही करण्याआधी मला सगळे वाचून दाखवले)

ठिकाण: यवत, ता. दौंड, जि. पुणे
दिनांक: १४ डिसेंबर २०२५