सेनानी शाकोचं रिव्हॉल्व्हर

निकशिच, बुधवार

तीर्थरूप जाक्शामामा यांच्या हातावर ओठ टेकून भाचा मिलुतिनचा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळे खुशाल, फक्त माझ्या घशाखाली तीन दिवस घास उतरत नाही.

रविवारी ब्राटिच मंडळी आमच्या रुझाची सोयरीक पक्की करायला येताहेत. ते पडले तुर्कांशी लढलेल्या सेनानी शाकोचे पणतू, आणि मी ओंडके वाहता वाहता लाकडाच्या गिरणीचा मालक झालेला माणूस (गिरणी झकास चालते, पण पणजोबा काही विकत मिळत नाही). म्हटलं, भेट तरी तोलामोलाची द्यावी. बाजारात जुन्या वस्तूंच्या दुकानात चक्क सेनानींचं रिव्हॉल्व्हर मिळालं. हस्तिदंती मूठ, वर कोरलेलं नाव. लगेच होणारे व्याही विदाक यांना फोन करून मोकळा झालो, की रविवारी हातात असं काही ठेवीन की डोळे भरून येतील. (हे तोंड मला आईकडून मिळालं, म्हणजे तुमच्याच घरातून.)

सोमवारी न्हाव्याकडे गेलो. कान माझे उघडेच असतात. शेजारच्या खुर्चीतला म्हातारा फेसातून सांगत होता, "काही म्हण, शाकोनं मरताना हत्यार सोडलं नाही. रिव्हॉल्व्हरसकट पुरला त्याला." न्हावी म्हणाला, "सोडलं असतं तर त्याच्या पोरांना कुणी पोरगी दिली असती का, बाबा?" मी अर्ध्या दाढीनिशी घरी आलो. आपल्याकडे हत्यार हातचं गेलं की सात पिढ्यांची मान खाली. म्हणजे मी व्याह्यांना चारचौघांत सांगणार की तुमच्या पणजोबांनी शस्त्र तुर्कांच्या हाती दिलं, नाहीतर कुणीतरी त्यांची कबर उकरली, यातलं आवडेल ते घ्या. रुझा म्हणते, "लग्न मोडलं ना बाबा, तर जन्मभर इथंच राहीन. रोज तुमच्यासमोर बसून जेवीन." पोरगी बोलते ते करते.

तब्येतीला जपा.

तुमचा,
मिलुतिन

ता. क. तुमच्या वडिलांची चांदीच्या म्यानाची तलवार घेऊन शनिवारीच या. व्याह्यांना तीच देईन. परत मिळणार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच विदाकचा फोन. आवाज एकदम खाली. "मिलुतिन, भेट म्हणजे रिव्हॉल्व्हर नाही ना रे?" मी दुकानाचं नाव सांगून टाकलं. "त्या दुकानातनं मी आजवर पाच उचललीत. सगळ्यांवर पणजोबांचं नाव. खोटीच असणार, पण दाखवून विचारायचं कुणाला? तळघरात पुरलीत. तुझं पेटीत घालून आण, वर हॅम ठेव." तेव्हा तलवार राहू द्या. कुणाला सांगणार नाही अशी मी रुझाची शपथ घेतली आहे, म्हणून हे वाचून लगेच चुलीत घाला. मात्र पाकीट मामीनं आधी फोडलं असेल, तर हे रविवारच्या आत गावभर झालेलं असणार; तेव्हा मामी, तलवार घेऊनच ये.