माणसांची अक्षरं

दुसरा महिना, तारीख ३
एकदाचं एदो शहरात बस्तान बसलं. खोली लहान आहे, पण ओनामीने पहिल्याच दिवशी शेजारणीकडून मुरवलेला मुळा मिळवला. माझी बायको जाईल तिथे घर करते. गेंताकू मालकांचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच. ते चित्र काढणार, मी लाकडावर कोरणार. सध्या गमतीचं पुस्तक चाललंय: वाकलेली, लवंडलेली, तंगड्या पसरलेली माणसं, आणि नीट पाहिलं की प्रत्येक माणूस म्हणजे एक अक्षर. हसून हसून पोट दुखलं. मी डावखुरा, म्हणून मालकांनी टोमणा मारला, "उलटं कोरायचं काम, उलट्या हाताला सोपंच जाईल." कोपऱ्यात जुना कारागीर तोसुके नुसता बसून असतो. पाठ कायमची वाकलेली, मूठ सुरी धरल्यासारखी. कामानेच पाठ गेली म्हणतात.

तारीख ९
पहिलं पान झालं. चित्राचा कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवायचा आणि आरपार दिसणाऱ्या उलट्या चित्रावर रेघेरेघेने कोरत जायचं. मूळ चित्र त्यातच संपतं. कोरताना चेहरा कोण बघतो? ठसा उठला तेव्हा ओळखलं, हा तर आमचा टोफूवाला हेइरोकु, कमरेत दुमडलेला. मालक गल्लीतलीच माणसं काढतात तर.

तारीख १०
हेइरोकु तसाच दुमडलेला आला. शेजारी म्हणाले, "काय रे, आज कुठलं अक्षर गिरवतोयस?" सगळे हसले, मीही हसलो. तो हसला नाही.

तारीख १४
हेइरोकु अजून सरळ झालेला नाही. बोलतही नाही. आज सकाळी न्हाणीघरवाल्या बाईचा ठसा काढला — दुपारी तीही तशीच. मालकांना विचारलं. म्हणाले, अक्षर एकदा उमटलं की उमटलं.

तारीख १५
मालकांना पुढच्या पानासाठी ओनामी हवी आहे. केस विंचरताना छान दिसेल म्हणे. ती खूश. तिला सांगितलं तर हसण्यावारी नेलं. मला फार भीती वाटते.

तारीख १६
त्याआधी शेवटचं पान कोर म्हणाले. कागद त्यांनीच चिकटवून दिला. सुरीवर वाकलेला कारागीर, सुरी उजव्या हातात. मी डावखुरा, तोसुके कामातून गेलेला; दुकानात उजव्या हाताने सुरी धरणारे आता मालकच, तेही कधीमधी कोरतात — म्हाताऱ्याने स्वतःलाच काढलंय. बुद्ध पावला. कोरतोय. ओनामी वाचेल.

तारीख १८
ठसा काढला. मालक शेजारी ताठ उभे. कागद उचलला —
सुरी डाव्या हातात.
तीस वर्षं उलटं कोरतोय, आणि तिला वाचवायच्या घाईत विसरलो, फळीवरचा उजवा हात ठशात डावा होतो —
पाठ वाकतेय. बोटं वळतायत, जमेल तेवढं लिहितो. मालक म्हणतायत, उद्या नवा कारागीर येईल, तोसुकेशेजारी आणखी एक गादी टाका —
ओनामी चहा घेऊन आली. त्यांनी तिला समोर बसवलंय, हातात कंगवा दिलाय. ती हसतेय. हाक मारायला हवी — मान वर