दाभोशाचा पिवळा जिवाणू

२ फेब्रुवारी
जूनमध्ये निवृत्ती. उभं आयुष्य जिवाणूंची वर्गवारी केली, पण सगळ्यांना नावं दुसऱ्यांनीच दिलेली. माझा स्वतःचा एकही नाही. संकल्प: जाण्याआधी एक तरी नवी जात शोधायची. आणि रोज फिरायला जायचं.

६ फेब्रुवारी
दाभोसा. धबधब्यामागची माती आणली. (आजचं फिरणं यातच धरलं.) वाट दाखवायला गावातला सावळा होता. म्हणाला, सर, माती त जामसरलाबी हाय, इतवर कशाला आलास? त्याला विज्ञान समजावलं, जवळ जाऊन, सविस्तर. त्याने दोनदा तोंड पुसलं. घाम असावा.

८ फेब्रुवारी
माती जिवाणू वाढवायच्या प्लेटवर पसरली. झाकण लावण्यापूर्वी सत्काराच्या भाषणाची तालीम केली. आवाज छान लागला. विभागातल्या नव्या राबिया मॅडम म्हणाल्या, सर, मास्क तरी लावा. अनुभव कमी आहे पोरीला.

११ फेब्रुवारी, सकाळ
पिवळी वसाहत!! लिंबासारखी पिवळी. असलं काही हयातीत पाहिलं नाही. (एम.एस्सी.ला पाहिलं असेल, तेव्हा लक्ष नव्हतं.)

२० फेब्रुवारी
जिवाणूला स्वतःचं नाव स्वतःच द्यायची आमच्यात रीत नाही. म्हणून कमलेश, माझा जुना विद्यार्थी, सध्या पुण्याच्या लॅबमध्ये. डीएनए तपासणीला नमुना त्याच्याकडेच पाठवला. फोन करून सांगितलं, तू आग्रह धर की नाव 'महालेई' ठेवा. मी दोनदा नाही म्हणेन. तर म्हणतो, आधी रिपोर्ट येऊ द्या, महाले सर. कॉलेजातही असाच ढिला होता.

५ मार्च
कासमच्या दुकानात निरोप समारंभाचा फ्लेक्स छापायला टाकला: 'दाभोशाच्या जिवाणूचे जनक'. रिपोर्ट काय, नावापुरता. जेवताना चंदनाला भाषण ऐकवलं. ती ताट उचलून पडवीत जाऊन बसली. बायको आहे, भरून आलं असेल.

१६ मार्च
रिपोर्ट. माणसाच्या तोंडात आणि कातडीवर राहणारा नेहमीचा जिवाणू. पुण्याचं मशीन बिघडलंय.

१७ मार्च
राबिया मॅडम म्हणतात, सर, तो तुमचाच असेल. भडकलो. आता सिद्धच करतो. दोन कोऱ्या प्लेटा, माती नाहीच. एकीवर मी अख्खं भाषण केलं. दुसरी मॅडमनी तेवढाच वेळ उघडी ठेवली, मास्क लावून, गप्प बसून.

२१ मार्च
मॅडमची प्लेट स्वच्छ. माझ्या प्लेटवर पिवळ्याच पिवळ्या वसाहती.
फार वाईट वाटलं. घरी येऊन चंदनाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पदराने गाल पुसला आणि म्हणाली, लग्न झाल्यापासून सांगतेय, जरा लांबून बोलत जा.
फिरायला एकदाही गेलो नाही.

संध्याकाळी कासमचा फोन. सर, फ्लेक्स छापायला घेऊ ना? म्हटलं, 'दाभोशाच्या' एवढं काढ. बाकी बरोबर आहे.