मोतिया की पिस्ता

नगर, गुरुवार, १८ नोव्हेंबर १९७१

रंगारी सकाळी पुढच्या खोलीत डिस्टेंपरचे दोन पट्टे मारून गेला, एक मोतिया, एक पिस्ता. मला मोतियाच हवाय. पण त्याच भिंतीवर सासूबाईंच्या डोक्याच्या तेलाचा डाग. नेवाशाहून आल्यापासून त्या तिथंच टेकून बसतात, कंबर धरते म्हणून. रंगारी म्हणाला, "बाई, मोतियावर डाग लगेच दिसंल." मी त्या डागाकडे बघून कपाळाला हात लावला. सासूबाई दारातच होत्या. पाहिलं असेल?

पाहिलंच. संध्याकाळी पाट भिंतीपासून लांब घेऊन ताठ बसल्या, हात गुडघ्यांवर.

"आत्याबाई, टेका ना," मी सासूबाईंना म्हटलं.

"न्हाई गं. मला असंच बरं हाय."

राग त्यांचा आलाय की स्वतःचाच? मी तरी काय, एक स्वच्छ भिंतच मागितली ना! ह्यांना विचारलं, तर म्हणे कुठलाही लाव. तो डाग काही डोळ्यांपुढून जाईना. शेवटी मीच जवळ जाऊन म्हटलं, "पिस्ताच लावू या. त्यावर डाग दिसत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली.

त्यांनी पाट आणखी जरा पुढे ओढला.