आत्याच्या गाण्यात झोपणारा कॉम्प्युटर

आगरदांडा,
ता. ४ नोव्हेंबर २०२३

चि. दीक्षास,
काका-काकीचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

गेल्या महिन्यात फोनवर आपलं जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. तू म्हणालीस काका ऐकून घेत नाहीत, मी म्हणालो पुतणी समजावून सांगत नाही, आणि तुझ्या काकीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. यापुढे कॉम्प्युटरबद्दल जे बोलायचं ते कागदावर बोला, कागदावर माणूस ओरडत नाही, असा तिचा निकाल आहे. म्हणून हे पत्र.

तू जोडून दिलेला कॉम्प्युटर पुन्हा गोठला. पडदा काळा, आतला पंखा चालू, दिवा चालू, पण काही केल्या शुद्धीवर येत नाही. माऊस हलवा, कीबोर्ड बडवा, ढिम्म. शेवटी बटण दाबून धरून बंद करावा लागतो, आणि त्यात रेकॉर्ड करून भरलेला आवाज पुसला जातो.

काय भरतोय ते तुला माहीत आहे, तरी मास्तरकीची सवय म्हणून पुन्हा सांगतो. तुझ्या आजीने भातलावणीचं एक गाणं रचलं होतं. रांगेत लावणीला उभ्या असलेल्या वाडीतल्या एकेका बाईचं त्यात नाव आहे आणि तिची खोडही आहे. आजीला लिहिता येत नव्हतं. आता ते गाणं माझ्या बहिणीला, बायला, म्हणजे तुझ्या इंदूआत्यालाच येतं, आणि तिचं विसरणं वाढत चाललंय. परवा तिने केसरचं कडवं गाळलं आणि तिला कळलंही नाही. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. मला भीती वाटते, दीक्षा. ती विसरली की त्या सगळ्या बायका गेल्या.

मोबाइलवर भरा म्हणशील. भरलं. मध्येच कर्ज हवं का विचारणारा फोन आला. शिवाय तोंडासमोर मोबाइल धरला की बाय तोंड फिरवते. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरची तिला सवय झाली आहे, त्याला ती पाव्हणा म्हणते.

तुझ्या पप्पांना, रत्नपालला, माझा जयभीम सांग. उपाय लवकर कळव आणि काकावर माया असू दे.

तुझा,
धर्माजीकाका


कळंबोली,
ता. ११ नोव्हेंबर

ती. काका आणि सौ. काकीस,
दीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

काकीच्या निकालाला माझा पाठिंबा. पप्पांनी तुमचं पत्र मोठ्याने वाचलं आणि मास्तर अजून शाळेतून सुटलेला नाही असं म्हणाले.

काका, तुमच्याकडे खाडीचा खारा वारा आहे. आतली मेमरीची पट्टी गंजली असेल. वायर काढून, कडेचं झाकण उघडून ती लांबट हिरवी पट्टी बाहेर काढा, तिची पिवळी कड पेन्सिलच्या खोडरबराने घासा आणि परत बसवा. हसू नका, सगळे मेकॅनिक हेच करतात. धूळही झटका, गरम होऊन अडकत असेल.

आणि एक नीट आठवून लिहा. तो गोठतो त्या वेळी तुम्ही नेमकं काय करत असता?

आत्याला माझी आठवण सांगा. तुमचा राग मावळावा आणि जिव्हाळा तेवढा उरावा.

तुमची,
दीक्षा


आगरदांडा,
ता. १८ नोव्हेंबर

चि. दीक्षास,
सप्रेम जयभीम, आशीर्वाद. वि. वि.

पट्टी घासली. धूळ काढली. आत पालीची अंडी निघाली, ती काकीने उचलली आणि मला दोन शब्द सुनावले. एवढं करून बायला बसवलं, आणि गाणं रंगात आलं असताना मेला पुन्हा गोठला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, कारण आता झाकणही नीट बसत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवरही दिलं होतं. तो गोठतो तेव्हा मी काहीच करत नसतो.

पाव्हणा असा रुसका का, असं बाय विचारते. मी काय सांगू तिला? काम सांभाळून राहा, आणि या म्हाताऱ्याचा कंटाळा करू नकोस.

तुझा,
धर्माजीकाका


कळंबोली,
ता. २५ नोव्हेंबर

ती. काकांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काहीच करत नसता हे उत्तर नाही, काका. आमच्या ऑफिसातही लोक हेच म्हणतात आणि नंतर कळतं की चहा सांडला होता. तुम्ही वर्गात मुलांना असं उत्तर चालवून घेतलं असतं का? मला इथून दिसत नाही, मी अंधारात तीर मारतेय, आणि सुट्टी मागितली तर साहेब डोळे वटारतो.

मदरबोर्डवरचा गोल सेल संपला असेल तोही बदला. मुरुडला टीव्ही दुरुस्त करणारा हरेश्वर आहे, तो बदलून देईल. त्यानेही झालं नाही तर माझं ऐका आणि नवीन लॅपटॉप घ्या. जुन्या यंत्रापायी आपण बोलेनासे होऊ हे मला नको आहे.

काकीची तब्येत कळवा. रागावलात तरी लिहीत राहा.

तुमची,
दीक्षा


आगरदांडा,
ता. ३ डिसेंबर

चि. दीक्षास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सेल बदलला. आता कॉम्प्युटरला आजची तारीख कळते, बाकी ये रे माझ्या मागल्या.

परवा बायने गाणं सुरुवातीपासून म्हटलं. केसर आली, खोताला शिव्या घालणारी ठकी आली, पोटुशी असून रांग न सोडणारी आली. इतकं नीट तिने वर्षभरात म्हटलं नव्हतं. आणि उठून बघतो तर पडदा काळा. मी त्या डब्यावर हात उगारला. काकी मध्ये पडली म्हणून वाचला तो.

आता माझं काहीच न करणं म्हणजे काय ते ऐक. बायची अट आहे की आईचं गाणं सुरू झालं की विहारात वंदनेला बसतो तसं हात जोडून बसायचं. चुळबूळ नाही, खुडबूड नाही. मी आवाज भरायचं बटण दाबतो आणि हात जोडतो, ते गाणं संपेपर्यंत. एकदा माऊसकडे हात गेला तर ती गाणं सोडून उठून गेली. मग सांग, त्या यंत्राला मी काय केलं?

लॅपटॉपशीही ती पहिल्यापासून ओळख करून घेईल, तेवढा वेळ तिच्याकडे नाही. माझ्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझा,
धर्माजीकाका


कळंबोली,
ता. ९ डिसेंबर

ती. काकांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र जिन्यातच वाचलं आणि कपाळावर हात मारला. तुम्ही खरंच काहीच करत नव्हता, आणि दुखणं तेच होतं.

पंधरा-वीस मिनिटं कोणी माऊस, कीबोर्डला हात लावला नाही की घरात कोणी नाही असं समजून कॉम्प्युटर वीज वाचवायला झोपतो. तुम्ही हात जोडून बसता, आत्या गाते, आणि त्याच्या लेखी घर रिकामं. आवाज भरायचं ते जुनं सॉफ्टवेअर त्याला जागं ठेवत नाही. झोपायला हरकत नाही, पण आपला कॉम्प्युटर म्हातारा झाला आहे, त्याला झोपेतून उठता येत नाही. तोच तुमचा काळा पडदा.

कंट्रोल पॅनेलमध्ये जा, पॉवर ऑप्शन्स उघडा. तिथे दोन वेळा दिसतील, एक पडदा विझण्याची, दुसरी सगळं यंत्र झोपण्याची. दोन्हींपुढे ‘कधीच नाही’ निवडा आणि सेव्ह करायला विसरू नका. एकच बदललीत तर पुन्हा मला पत्र येईल.

चहा सांडण्याचं लिहिलं ते मागे घेते. पुतणीवर लोभ राहू द्या.

तुमची,
दीक्षा


आगरदांडा,
ता. १७ डिसेंबर

चि. दीक्षास,
सप्रेम जयभीम, अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन्ही ठिकाणी ‘कधीच नाही’ केलं. मग बायला बसवलं. यंत्र जागं राहिलं, पण केसरपाशी येऊन बायच थांबली. दोनदा मागे जाऊन आली, पुन्हा तिथेच अडली. “फुडचं न्हाय येत रं धर्मा,” म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून मागल्या पडवीत गेली. मला इतका संताप आला की मी तसाच उठून जेट्टीवर गेलो. यंत्र ठीक झालं तेव्हा गाणं गेलं, याचा राग कोणावर काढायचा ते कळेना. दिघीची बोट दोनदा आली-गेली, मी बसून राहिलो.

घरी आलो तर कॉम्प्युटर चालूच. भरणं बंद करायचं मी विसरलो होतो आणि तो झोपला नव्हता. पुसण्याआधी सहज ऐकलं. पंखा, काकीची भांडी, कोंबड्या, बराच वेळ नुसतं तेच. मग लांबून बायचा आवाज. पडवीत तांदूळ निवडत होती, समोर कोणी नव्हतं, आणि ती गात होती. केसर, ठकी, सगळ्या बायका रांगेने आल्या.

शेवटच्या बाईपाशी गाणं संपतं. या वेळी संपलं नाही. बायने आणखी एक कडवं म्हटलं, जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईने वाडीतल्या सगळ्यांना त्या रांगेत उभं केलं होतं, स्वतःला कधी घातलं नव्हतं. बायने तिला घातली. भागीबाई, असं सबंध नाव घेऊन. मी रडलो, लपवत नाही.

तिला विचारलं तर, मी कुठे गायले, म्हणाली. मग तिला जवळ बसवून ऐकवलं. सगळं लक्ष देऊन ऐकलं तिने. शेवटचं कडवं झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, “ही कोन गाते रं? आयचं नाव बराबर घातलान.”

कॉम्प्युटर आता बरा आहे. साहेबाने कितीही डोळे वटारले तरी रत्नपालला घेऊन या आठवड्यात ये. बाय अजून तुला नावाने ओळखते.

वाट पाहणारा,
तुझा धर्माजीकाका