पाखऱ्याचा रंग

१२ सप्टें., शुक्र.
वही पोळ्याआधी घेतली, उघडतोय आज. रोज म्हणायचं उद्या, आणि उद्या मी भलतीकडंच कुठंतरी. असो. सध्याचं काम: गुरांच्या कानात पिवळा बिल्ला मारणे. डॉ. मॅडम लस टोचतात, मी पक्कड दाबतो, बिल्ल्यावरचे बारा आकडे मोबाईलात भरतो. मालक, वय, रंग, सगळं. बिल्ला नाही तर बाजारात जनावर विकता येत नाही. हात बसलाय आता, गाईला कळायच्या आत काम खलास. मालेगावात रिक्षा चालवली, येवल्यात पैठणीचं सूत रंगवलं, पण हे काम आपलं.

१६ सप्टें., मंगळ.
बाजारात गेलो भजी खायला. गेटवर गर्दी. वणीच्या अलीकडचे रामाअण्णा, त्यांचा बैल पाखऱ्या अडवलेला. जोडीतला दुसरा उन्हाळ्यात गेला, एकटा बैल औताला काय कामाचा? येवल्याकडच्या एकाचाही असाच एक पांढरा उरलाय. सौदा ठरलेला. आणि कारकून मोबाईल बघून म्हणतो, "बाबा, इथं तर अंगावर तांबडे ठिपके लिहिलेत. हा पांढराशुभ्र. कुणाचा आणला?"
अण्णा: "आवो, माझाच हाय! कानात बघा ना!"
"कान खरा, बैल खोटा." सगळे हसले.
मी सोडून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो बिल्ला मीच मारलेला. बैल गेरूनं सजवलेला, दिसलं ते भरलं. म्हणे येवल्यात रंगारी होतो!
अण्णांना तिथंच सांगितलं, चूक माझी. "पोरा, चार लोकांत चोर केलास मला." येवलेकर म्हणाला, पुढच्या मंगळवारपर्यंत थांबतो, मग दुसरा बैल बघतो.

१७ सप्टें., बुध.
मॅडमना सांगितलं. आधी हसल्या, मग नाही. दुरुस्ती वर पाठवायची, त्याला बैलाचा आत्ताचा फोटो लागतो. "आजच आण." आणतोच.

१९ सप्टें., शुक्र.
बुधवारी नाही आणला. वाटेत एकाच्या शेतात बोअर चालू होती, पाणी लागेस्तोवर हललो नाही. (लागलं, लय जोरात.) काल तर तिथंच पाइप टाकू लागलो.
आज गेलो. अण्णा मला बघून शेतात निघून गेले. अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, चहा दिला, म्हणाल्या, मोबाईलात काय लिवलंय ते वाच. वाचलं: मानेवर, पाठीवर तांबडे ठिपके.
"किती ठिपके?"
"आकडा नाही, काकू."
"बरं."
फोटो पाठवला. होणार काम. मला खात्री आहे.

२३ सप्टें., मंगळ.
बाजारात, लिंबाखाली बसून. सकाळी अण्णांचा फोन: "मी नाय येत. परत चोर म्हणून उभा राहणार नाय." मग फोन बंद. दहाला मॅडमचा मेसेज, दुरुस्ती मंजूर! रंग: पांढरा. कारकुनाला दाखवलं, म्हणाला, आता फक्त बैल आण. येवलेकर दुसरा चहा पितोय, तिसरा मी पाजेन. टेम्पोवाला ओळखीचा आहे, आत्ता निघालो की तासाभरात अण्णांना बैलासकट

गेटवर कुणीतरी ओरडलं, "आरं, पोळा परत आला का?" बघतो तर काकू. बाजाराचं तोंड कधी न पाहिलेल्या. हातात कासरा, मागं पाखऱ्या, मानेपासून पाठीपर्यंत ओल्या गेरूचे ठिपकेच ठिपके.